सरकारसाठी स्थळ

८ जानेवारी

ताई,

नमस्कार. आपण दोघी फोनवर बोललो की दुसऱ्या मिनिटाला भांडतो आणि तिसऱ्याला कुणीतरी फोन आपटतं, म्हणून लिहिते आहे. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. फाडण्याआधी तू वाचशीलच.

विषय सरकारचा आहे. आपल्या भावाचा, मंत्र्यासंत्र्यांचा नाही. बसल्या जागेवरून हुकूम सोडायचा म्हणून आईने हौसेने त्याला सरकार म्हटलं, आणि पुढे आमचं सरकार भाजीबाजाराच्या जिन्याखाली झोपलं, पुलाखाली झोपलं, आणि पोलिसांनी हाकललं की बंद दुकानांच्या पायरीवर झोपलं. त्याला सव्वा वर्षापूर्वी खोली मिळाली हे मी तुला कळवलं होतं. तू ‘बरं झालं’ म्हणालीस आणि लगेच तुझ्या गुडघ्याचं सांगायला लागलीस.

ही जागा कसली ते तुला माहीत असायला हवं, म्हणून सांगते. इमारतीचं नाव सोबतघर. वर खोल्या, खाली कचेरी. कचेरीत एक नर्स बसते आणि एक बाई असते, तिला सगळे सोबतवाली बाई म्हणतात. इथे खोली देताना माणसाला काही अट घालत नाहीत. दारू सोडलीस का, कामाला लागलास का, डोकं ठिकाणावर आलं का, असं काही नाही. आधी खोली घे, अंघोळ कर, झोप. बाकीचं मग. आणि मग ती बाई रोज येऊन गोळी घेतलीस का, खाल्लंस का, काल जिन्यात कुणाशी भांडलास आणि का, हे सगळं न चिडता विचारते. मी त्याची सख्खी बहीण, पण मला चार दिवस जमलं नसतं.

त्याने खोली छान ठेवली आहे. आमच्या इस्पितळाच्या धुलाई विभागात विरलेल्या चादरी टाकून देतात, त्यातली एक मी निळी रंगवून त्याला पडदा करून दिला. तो सकाळी पडदा सारतो, अंडी उकडतो आणि खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना हुकूम सोडतो. लोकांना ऐकू जात नाही, त्यामुळे कुणाची हरकत नाही.

आता काम. वर्ष झालं की संस्थेची समिती आढावा घेते आणि घरचं वडीलधारं माणूस बोलावते. यंदा बावीस तारखेला आहे. मुकादमाने मला सुट्टी नाकारली, वर म्हणाला, चादरी काय तुझी वाट बघत थांबणार आहेत का. तेव्हा तू ये. इतक्या वर्षांत त्याचं तोंड पाहिलेलं नाहीस, निदान या निमित्ताने पाहा. लग्नं जुळवून जुळवून तुझी जीभ तयार झाली आहे. ती परक्यांच्या पोरांसाठी चालवतेस, एकदा भावासाठी चालव. त्याच्याबद्दल चांगलं बोल.

चिंगी


३० जानेवारी

चिंगे,

आशीर्वाद. तुझ्या टोमण्यांसकट पत्र पोचलं. आले, पाहिलं, जिंकलं आणि परतही आले. तुझ्या कामाच्या पाळीमुळे भेट झाली नाही, पण काम असं फत्ते केलं आहे की तू मला हार घालशील.

आधी खोलीवर गेले. तो मला बघून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, तू जाड झालीस.” म्हणजे डोकं शाबूत आहे. मी त्याची नखं कापली, तुझ्या भावजींचा कोट नेला होता तो चढवला, केसांना तेल लावून भांग पाडला. म्हटलं, तिथे तू गप्प बसायचं, बोलायचं मी. आयुष्यभर हुकूम सोडणारा माणूस मुकाट्याने हो म्हणाला.

समितीत तिघं. मधले अध्यक्ष, पोटावर हात बांधून बसलेले. एक डॉक्टर आणि एक चष्मेवाल्या बाई, त्या लिहून घेत होत्या. असली मंडळी मी आयुष्यभर हाताळली आहेत. मुलाकडचे काय नि संस्थावाले काय, समोरच्याला खोट शोधायची असते आणि आपण ती सापडू द्यायची नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी सुरुवातच केली, “आमचा भाऊ हाताचा कामसू, स्वभावाने शांत, निर्व्यसनी.” निर्व्यसनी म्हटल्यावर त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी टाचेने त्याचा पाय दाबला. डॉक्टरांनी विचारलं, एकटे असताना बोलतात का? म्हटलं, “विचारी आहे, मनन करतो.” गोळ्यांचं विचारलं. म्हटलं, “हल्ली कोण घेत नाही? मी स्वतः तीन घेते.” शेवटी अध्यक्षांनी विचारलं, “हे एकटे राहू शकतील, असं तुम्हाला वाटतं?” मी म्हटलं, “एकटा? अहो, चार माणसं पोसेल!”

ती सोबतवाली का कोण, ती दोनदा मध्ये तोंड घालत होती. मुलाची माणसं बोलत असताना शेजारणीने मध्ये बोलू नये एवढी रीत तिला कळत नाही. मी तिला असं पाहिलं की ती बसली ती उठलीच नाही.

अध्यक्ष काय म्हणाले असतील? म्हणाले, “अशी प्रगती आम्ही क्वचित पाहिली. यांना आता आमची गरजच उरलेली नाही.” मी म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो.

तो मला गाडीवर सोडायला आला. माझी पिशवी त्यानेच उचलली. गाडी लागल्यावर म्हणाला, “ताई, मी असा आहे?” म्हटलं, आहेस तर. कोट त्यालाच ठेवू दिला. भावजींना सांगू नकोस.

आता कबूल कर की तुझ्या ताईला जमतं.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

शाबास. भावाला उजवलंस. आता त्याची पाठवणी करायची तेवढी बाकी आहे.

काल संस्थेचं पत्र आलं. ‘समाधानकारक प्रगती झाल्यामुळे’ मार्चअखेर खोली रिकामी करायची आहे. त्याची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वसतिगृहात. मी जाऊन बघून आले. लांबच लांब दालन, खाटेला खाट लागलेली, सामान उशाखाली घेऊन झोपायचं. नर्स नाही, बाई नाही. दाराशी एक माणूस बसतो, तो संध्याकाळी तोंडाचा वास घेऊन आत सोडतो. वास आला तर बाहेर. तुझ्या निर्व्यसनी भावाला तिथे किती दिवस ठेवतील असं तुला वाटतं? मी सांगते. पहिल्या पगाराच्या दिवशी शेजारचा बाटली आणेल, आणि दुसऱ्या दिवशी सरकार जिन्याखाली.

ताकाला गेलीस आणि भांडं लपवलंस, ताई! अगं, ते स्थळ बघायला बसले नव्हते! त्याला किती मदत लागते ते ठरवायला बसले होते. त्याला आवाज ऐकू येतात, हे सांगायचं होतं. गोळी चुकली की तो भिंतीशी भांडतो, हे सांगायचं होतं. सोबतवाली बाई तेच सांगायला उठली होती आणि तू तिला डोळ्यांनी बसवलंस. ती आज माझ्यासमोर रडली. मीही रडले असते, पण मला राग इतका आला होता की डोळ्यांत पाणी यायला जागा नव्हती.

तू इथे नव्हतीस म्हणून तुला माहीत नाही. यापूर्वी त्याला चारदा ‘सुधारायला’ घेतलं होतं. प्रत्येक वेळी तीच शिडी. आधी दारू सोड, मग खाट. खाट टिकव, मग वाटणीची खोली. काम धर, मग बघू. माणूस फुटपाथवर भिजत पडला आहे आणि म्हणे आधी सुधार, मग छप्पर देतो. बुडणाऱ्याला सांगायचं, आधी पोहायला शीक, मग बाहेर काढतो! प्रत्येक वेळी तो दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून पडला, आणि प्रत्येक वेळी पडण्याचा दोष त्याचाच. इथे पहिल्यांदा कुणी आधी छप्पर दिलं, आणि तो उभा राहिला. उभा राहिला म्हणून आता छप्पर काढणार. चष्म्याने नीट दिसायला लागलं, आता चष्मा परत द्या.

मी अध्यक्षांना गाठलं. शांतपणे म्हणाले, बाहेर शेकडो माणसं वाट बघत आहेत, त्यांचाही विचार करायला हवा. आहेत, हे मला माहीत नाही का? रोज कामावर जाताना मी त्यांच्या अंगावरून जाते. पण खोल्या कमी आहेत हा खोलीत राहणाऱ्याचा गुन्हा कसा? एकाला पाण्यातून काढायचं आणि दुसऱ्याला जागा हवी म्हणून पहिल्याला परत ढकलायचं. अजून चार मजले चढवा म्हटलं. हसले. जणू मी चांदण्या मागितल्या.

मला आत्ता तुझं तोंड बघायचं नाही.

चिंगी


१९ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र वाचून माझं रक्त उकळलं. भावजी म्हणाले दोन दिवस थांब, मग लिही. थांबले, पण अजून उकळतं आहे.

तुझं आधीचं पत्र माझ्यासमोर आहे. ‘त्याच्याबद्दल चांगलं बोल.’ अक्षर तुझंच ना? मग मी काय वाईट बोलायला हवं होतं? प्रवास करून, गुडघे धरून, भर समितीत जाऊन सांगायला हवं होतं की आमचा भाऊ वेडा आहे हो, दारुडा आहे हो? चोराच्या उलट्या बोंबा!

तू चादरी धुतेस, मी माणसं जमवते. माझ्या धंद्यात कुणाच्या घरात जरा दुखणं आहे असं नुसतं कानावर गेलं की समोरचं दार लागतं. मुलगी गोरीगोमटी असो, शिकलेली असो, मामाला फिट येते म्हटलं की संपलं. आपल्याच घराचं काय झालं ते तू विसरलीस. माझ्या थोरलीला तीन नकार आले ते तिच्या नाकामुळे नव्हे, या मामामुळे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले की भाऊ परगावी कामाला असतो. दुखणं सांगितलं की नकार येतो, हे मला हाडामासात मुरलेलं आहे. दुखणं सांगितलं की घर मिळतं, असं जगात कुठे असतं? तू मला आधी सांगायचं होतंस!

आणि तुझ्या त्या समितीला काही अक्कल आहे की नाही? एक बाई कोट घातलेल्या माणसाला आणून बसवते, स्तुती करते, आणि हे मान डोलावतात? मुलाकडचे सुद्धा चार ठिकाणी चौकशी करतात. यांनी त्यांच्याच नर्सला विचारलं नाही! कुणी वर जाऊन खोली पाहिली नाही! खोली रिकामी करायची घाई होती, निमित्त पुरवायला कुणीतरी हवं होतं, ते मी पुरवलं. मला वापरलं, चिंगे. मला! लोकांची नाटकं ओळखण्यावर जिचं पोट चालतं तिला.

दोन रात्री झोपले नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगते.

आता काय करायचं ते लिही. टोमणे नकोत.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

टोमणे नाहीत. त्राण नाही.

सोबतवाल्या बाईने धडपड करून फेरविचाराची बैठक मिळवली आहे. चौदा मार्च, सकाळी. अध्यक्षांनी एकच अट घातली. मागच्या वेळी घरच्या ज्या माणसाने सांगितलं तेच येऊन वेगळं सांगेल तर ऐकू. धाकट्या बहिणीचं ऐकणार नाही, कारण तिला भावाचं ओझं घरी न्यायचं नाही म्हणून ती रंगवून सांगेल. हे मला तोंडावर म्हणाले. माझी एक खोली, त्यात मी, सासूबाई आणि शिवणयंत्र. बोलले असते तर ती बैठकही गेली असती.

पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती तुला सांगताना मला धडकी भरते. सरकारने गोळ्या बंद केल्या आहेत. बाई रोज विनवते, नर्स विनवते, मी गेले तर मला म्हणाला, “बऱ्या माणसाला गोळ्या कशाला? ताईने तिघांसमोर सांगितलं, तू नव्हतीस.” भावजींचा कोट अंगातून काढत नाही. त्यातच झोपतो. पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती कापून भिंतीला चिकटवल्या आहेत. काल एका दुकानात जाऊन म्हणाला की मी चार माणसं पोसू शकतो, मला ठेवून घ्या. त्यांनी हाकललं. आवाज पुन्हा सुरू झालेत. पडदा दिवसासुद्धा ओढलेला असतो.

त्याला कुणी कधी बरा म्हटलं नव्हतं ताई. ना बाबांनी, ना मी. मी त्याला इतकी वर्षं शोधलं, खाऊ घातलं, जखमा धुतल्या, पण बरा म्हटलं नाही. तू एकदा म्हणालीस आणि ते त्याने जिवाशी धरलं.

आणि चौदा तारखेला तो तिथे बसणार. माणसामागे बोलायचं नाही असा त्यांचा नियम आहे, आणि तो नियम बरोबर आहे. म्हणजे जे तू त्याच्यासमोर म्हणालीस, तेच त्याच्यासमोर फिरवायचं आहे. नाही फिरवलंस तर खोली जाईल. मला दुसरा मार्ग दिसत नाही. मला सुट्टी याही वेळी नाही, मागितली तर कामच जाईल.

येशील ना?

चिंगी


५ मार्च

ताई,

चिंगीला न सांगता लिहितो आहे. पाकीट सोबतवाल्या बाईंकडून घेतलं. ती बरी आहे, पण फार प्रश्न विचारते.

तू परत येणार असं कळलं. तू मला वाईट म्हणणार हेही कळलं. इथल्या भिंतींना कान आहेत, आणि माझ्या खोलीतल्या भिंतींना तोंडसुद्धा आहे, तो भाग सोड.

त्या दिवशी तू ज्या माणसाचं वर्णन करत होतीस त्याला भेटावं असं मलाही वाटलं. कामसू, शांत, विचारी. मी मनात म्हटलं, कोण हा गृहस्थ, आणि हा खुर्चीत माझ्या जागी का बसला आहे? मग लक्षात आलं की ताई माझ्याबद्दलच बोलते. मला हसू येत होतं, पण तू पाय दाबून ठेवला होतास. तुझी टाच अजून जड आहे.

मी मूर्ख नाही. तू खोटं बोललीस हे मला समजतं. सगळंच खोटं नव्हतं, हेही समजतं. अंडी मी खरंच चांगली उकडतो.

माझा हुकूम असा आहे. बोललीस ते परत घेऊ नकोस. खोली गेली तर जाईल, मी जिन्याखाली राहिलेला माणूस आहे, तिथलं सगळं मला पाठ आहे. पण पुन्हा कुणी असं बोलणार नाही. जिन्याखाली ते घेऊन जाता येईल, खोली नेता येणार नाही.

कोटाच्या खिशात भावजींचा कंगवा सापडला. तो पाठवू की ठेवू?

तुझा,
सरकार


१५ मार्च

चिंगे,

निकाल तुला बाईने सांगितला असेलच. तू पाळीवर होतीस आणि माझी गाडी संध्याकाळची होती. बाकीचं जे बाईने सांगितलं नसेल ते मी लिहिते.

सरकारने मला पत्र लिहिलं होतं. बोललीस ते परत घेऊ नकोस, असा हुकूम होता. तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस ऐकू नकोस, आणि मी तुझ्याशी भांडले असते. गाडीत सगळा वेळ ते पत्र माझ्या हातात होतं. मला त्याचा राग आला, तुझा आला, स्वतःचा आला, पण सगळ्यात जास्त त्या तिघांचा आला, ज्यांनी एका माणसाला छप्पर आणि चांगला शब्द यातलं एकच निवडायला लावलं. आपण असं काय मोठं मागत होतो?

तो तोच कोट घालून बसला होता. कळकटलेला. दाढी वाढलेली. मी उभी राहिले आणि म्हटलं, “मागच्या वेळी बोलले त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण तुम्ही ऐकलंत चुकीचं. आमच्या धंद्यात स्थळ म्हणजे नुसता मुलगा नसतो. घर कसं, घरात माणसं कोण, हे सगळं मिळून स्थळ होतं. मी तुम्हाला स्थळ सांगितलं, तुम्ही मुलगा ऐकलात. शांत आहे, कामसू आहे, ते त्या खोलीत. ही बाई रोज येते म्हणून. दोन्ही काढून घ्या आणि मग मला विचारा तो कसा आहे.”

मला वाटलं जिंकले. अध्यक्ष पोटावरचे हात सोडून पुढे झुकले आणि म्हणाले, “विचारतो. कसे आहेत?”

सरकारने माझ्याकडे पाहून मान हलवली. नको.

मी सांगितलं, चिंगे. त्याच्याकडे न बघता, तुझ्या पत्रांतलं आणि सकाळी बाईने कानावर घातलेलं सगळं सांगितलं. आवाज ऐकू येतात, गोळ्या बंद आहेत, मिळाली की पितो, जिन्यात एकाच्या अंगावर धावून गेला, शेगडीवर भांडं विसरून जाळलं. इतकी वर्षं परगावी कामाला नव्हता, रस्त्यावर होता. एकेक वाक्य छातीवर दगड ठेवून बोलले. आणि भांड्याचं म्हटल्यावर मागून आवाज आला, “दोन भांडी.” मग म्हणाला, “आणि पडद्याचं एक टोक. सांगायचं तर पुरतं सांग.” माझ्याकडे बघत नव्हता.

त्यावर अध्यक्षांनी डॉक्टरांकडे वळून काय म्हणावं? “बघा, किती स्पष्ट बोलतात.”

मग माझं जे व्हायचं ते झालं. टेबलावर हात आपटून म्हटलं, “बरा म्हटलं तर बाहेर काढता, आजारी म्हटलं तर बरा दिसतो! माझा भाऊ तुम्हाला कसा हवा आहे ते एकदा सांगा. जिन्याखाली मेलेला चालेल का? तेव्हा पटेल ना गरज होती म्हणून?” चष्मेवाल्या बाईंचं लिहिणं थांबलं. सोबतवाली बाई उठली, आणि या वेळी मी तिला बसवलं नाही. तिने जे सांगितलं ते मी तुला सांगत बसत नाही. माझ्यापेक्षा कमी शब्दांत आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. डॉक्टर तिच्या बाजूने झाले.

सहा महिने दिले. सहा महिन्यांनी पुन्हा आढावा. मी विचारलं, तेव्हा काय होणार? अध्यक्ष म्हणाले, तोवर ते पूर्ण बरे होतील अशी आशा करू. मी म्हटलं, तुमच्या आशेचीच मला भीती वाटते. म्हणजे दर सहा महिन्यांनी मी प्रवास करून यायचं, आणि माझ्या भावाला सगळ्यांसमोर पुन्हा सोलायचं. येईन. एकदा खोटं बोलून भागलं नाही, तर खरं बोलून त्यांचे कान किटवीन.

संध्याकाळी गाडीआधी त्याच्या खोलीवर गेले. दार आतून बंद होतं. हाक मारली, “सरकार, मी आले आहे.” मग आतून म्हणाला, “आज भेट नाही.” मी म्हटलं, अरे, माझी गाडी आहे, पाच मिनिटं उघड. म्हणाला, “ताई, मी रागावलो आहे. नंतर ये.”

माझं डोकंच सटकलं. ज्या खोलीसाठी मी तोंड काळं करून घेतलं, त्याच खोलीच्या दारातून मला परत पाठवतो? मी खाली जाऊन बाईला म्हटलं, तुमच्याकडे दुसरी किल्ली असेल, उघडा. ती म्हणाली, “आहे. पण जिवाला धोका असेल तरच वापरायची. बहिणीवर रागावणं त्यात बसत नाही.” आणि चहा घेता का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, आणि तरातरा गाडीवर गेले.

गाडी सुटली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तू मला नेहमी सांगायचीस, कुणी मनाला लागेल असं बोललं की तो उठायचा आणि चालू लागायचा. महिनोन्‌महिने सापडायचा नाही. बाबा ओरडले की गेला, तू रडलीस की गेला. काल मी त्याला आयुष्यात कुणी केलं नसेल इतकं दुखावलं. तो रागावला आणि घरी राहिला. निघून मला जावं लागलं.

ताई